फ्लॉपीतलं बदक

...आणि वर तोंड करून विचारतो काय, तर "वहिनी, त्यात अवघड ते काय?" हा माझा दीर. तुम्हाला सांगते, ज्या माणसाने रडतं पोर कडेवर घेऊन एका हाताने कधी दूध तापवलं नाही, त्याला जगात काहीच अवघड नसतं.

मी नोकरी करते तो भरतकामाचा कारखाना. मशीन खोलीभर मोठं, पण म्हातारं, फ्लॉपीशिवाय दुसरं काही चालत नाही, आणि तीही त्याच्याच जुन्या पद्धतीची. ऑफिसातला कॉम्प्युटर मात्र दिराने फुकटात बसवून दिलेला, वेगळ्याच घराण्यातला. दोघांचं सोयरिक होण्याइतकंही जमत नाही. म्हणून मध्ये एक मध्यस्थ प्रोग्रॅम. काळ्या पडद्यावर एमसीडी ही त्याची आज्ञा लिहायची, पुढे फोल्डरचं नाव, की आपण फ्लॉपीतल्या त्या फोल्डरमध्ये. असं मला वाटलं. तसं नसतं हो. त्या मध्यस्थाचा फ्लॉपीतला मुक्काम हलतो, आपण कॉम्प्युटरवर आहोत तिथेच.

मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतलेली. मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "महिनाभर बघू या हं, मग ठरवू ठेवायचं का." म्हणजे माझा जीव टांगणीला. त्यात सुरक्षारक्षकांच्या शर्टांची ऑर्डर, खिशावर सिंह. सिंह कॉम्प्युटरवर, फ्लॉपी जुन्या नक्ष्यांनी भरलेली. जुनं पुसायचं, सिंह चढवायचा. तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन, "काही नाही गं, सहज केला, तो जरा रडतोय." सहज? पाठीमागे पोराने घर डोक्यावर घेतलेलं.

मी फोन खांद्यात धरून एमसीडी केलं, फ्लॉपीतल्या 'जुने'मध्ये गेले, आणि साधी, रोजची, पुसायची आज्ञा दिली. सगळं पूस म्हटलं. तो मध्यस्थ गेला होता 'जुने'मध्ये. मी आहे तिथेच... कॉम्प्युटरवरच्या चालू ऑर्डरींच्या फोल्डरमध्ये. कॉम्प्युटरने तिथलंच पुसलं की मग. एका शब्दाने "बाई, नक्की का?" विचारलं नाही. आमच्या घरात मी नुसती खिडकी उघडली तरी तीन माणसं विचारतात.

सिंह गेला. दिराला फोन केला. "अगं, फ्लॉपीतलं पुसायची आज्ञा वेगळी आहे, सांगितलं होतं ना?" नव्हतं सांगितलं. "पण वहिनी, तू कुठे होतीस?" काय सांगू? लक्ष पाळण्यापाशी, खांदा फोनपाशी, आणि मी आहे तिथेच.

फोन ठेवून वळते तर फ्लॉपी जागेवर नाही. मशीनवाले काका घेऊन गेलेले. मी धावले. काका शांतपणे चहा पीत होते. "घाई होती ना, लावली." आणि त्या न पुसलेल्या फ्लॉपीत पहिलंच काय, तर कुठल्याशा बालवाडीचं बदक. पिवळं. टोपीवालं. दांडग्या दांडग्या शर्टांच्या खिशांवर ओळीने बदकं उमटत होती, आणि काका म्हणतात, "सुबक आलंय."

मालकीणबाईंनी एक शर्ट हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मी मनातल्या मनात डबा, पाण्याची बाटली, खुर्चीवरची ओढणी, सगळं आवरून ठेवलं. मग त्यांनी ऑफिसातल्या बाकीच्यांना विचारलं, "हे फ्लॉपीचं काम उद्यापासून कोण करेल?" तुम्हाला सांगते, इतकी शांतता मी बाळ झोपल्यावरसुद्धा ऐकली नाही.

झालं. मला कायम केलं.