फ्रँकफर्ट ते लंडन, दीड तास

कवठे महांकाळ पोलीस ठाणे
दि. २३ ऑक्टोबर १९७६

मी, अंजना कृष्णात खोत, वय ३१ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण चौथी, राहणार कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी सासूबाई रंगूबाई व दोन मुलींसह राहते. माझे पती कृष्णात, वय ३६, कुपवाड येथील कारखान्यात लेथवर कामाला होते. रोज एस.टी.ने जात-येत. मालक चिंतामण गोडबोले यांनी त्यांना नव्या मशिनचे काम शिकण्यासाठी तीन आठवडे जर्मनीला पाठवले होते. ते काम संपवून दि. २ रोजी पती दुसरे मशिन पाहण्यासाठी फ्रँकफर्टहून विमानाने लंडनला निघाले. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर व वेळ दीड तास, असे मालकांनी आम्हांस सांगितले. विमान सुटल्यावर पन्नास मिनिटांनी पतीच्या छातीत कळ आली. लंडनला उतरण्यापूर्वी ते मयत झाले. तेथील डॉक्टरांनी हृदयविकाराचा दाखला दिला आहे. माझ्या संमतीने अंत्यविधी तिकडेच झाला. अस्थी व बॅग मालकांनी स्वतः घरी आणून दिली.

दि. २० रोजी सासूबाईंनी मालकांविरुद्ध तक्रार दिली. त्यांचे म्हणणे, "माजं धडधाकट पोरगं दीड तासात मरतंय व्हय? कायतरी घडलंय, त्ये मालक लपवतोय. मला तोंडसुदिक बघाय मिळालं न्हाई." त्यावरून मला आज बोलावले. सासूबाई सोबत आल्या असून बाहेर बसल्या आहेत.

गेल्या आषाढात कामावरून येताना एस.टी.तच पतीच्या छातीत कळ आली होती. ते मिरजेला उतरून बसून राहिले व मागच्या गाडीने घरी आले. सदरा घामाने भिजला होता. नंतर आणखी दोनदा तसे झाले. मी म्हणाले, "आवं, डॉक्टरला दावू या. मालकांस्नी तरी सांगा." ते म्हणाले, "खुळी हायस का? मालकांच्या कानावर गेलं तर दुसऱ्याला धाडतील. आयलाबी सांगू नगंस. आल्यावर दावतो." विमानात बसायला मिळणार म्हणून ते लय खुशीत होते. मी कोणालाच सांगितले नाही. बॅग मीच भरली.

पतीच्या दुखण्याची मालकांना माहिती नव्हती. मला होती. माझा मालकांवर संशय नाही.

ही हकिकत मी सासूबाईंना सांगितलेली नाही. त्या रोज विचारतात, "इमान मागं फिरवलं असतं तर?" निम्म्याहून जास्त वाट झाली होती, लंडनच जवळ होते, एवढेच मी सांगते.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही करण्यापूर्वी सासूबाईंना आत बोलावून तो त्यांनाही वाचून दाखवावा, मला माझ्या तोंडाने सांगता येणार नाही, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे त्यांच्यासमोर पुन्हा वाचला. तक्रार चालू ठेवायची काय, असे साहेबांनी विचारले असता त्या "न्हाई" म्हणाल्या व उठल्या. दारातून मला म्हणाल्या, "सही कर आन् चल. पोरी घरात एकट्या हायत."

म्हणून सही करत आहे.

सही/-
अंजना कृष्णात खोत