गाठीचं खाणं

न्हाई ताई, तारीख चुकली न्हाई आमची, मीच नेलं न्हाई त्यांना — तुमच्या कागदावर नथू लिव्हलंय न्हवं, ते माझे मालक, आन् मी रतनबाई. पुण्याच्या दवाखान्यातनं हितं आंदर मावळात मानूस धाडतील आसं वाटलं न्हवतं. बसा. पानी घ्या. फोन? फोन मीच बंद ठेवलाय. तीन वर्सांमागं त्यांना प्रोस्टेटची गाठ निघाली, तवा म्या एक दिस चुकवला न्हाई — पस्तीस शेक दिले, ते किरणांचे, कामशेतला भाचीकडं राहून रोज पुण्याला न्हेलं. लघवीला आग व्हायची, तरी हसायचे, म्हनायचे, रतन, अवंदा भात लावायला मी हाय. आन् लावला की त्यांनी. रक्तातला आकडा उतरला, लय उतरला — मग दीड वर्सानं परत चढाया लागला. तपासलं तर गाठ त्याच जागी. जितं शेक दिला तितंच.

तुमच्या दाक्तरांनी चांगलं समजावलं, न्हाई म्हननार न्हाई. म्हनले, मावशी, शेकानं लय पेशी मेल्या, पन ज्या उरल्या त्या चिवट. त्यांनी खाणं बदललं. हवा कमी पडली तरी जगतात, साखर खातात, साखर न्हाई मिळाली तर चरबी खातात, आन् त्या जोरावर शेकानं झालेली जखम सांधून घेतात. म्या इचारलं, मग? तर म्हनले, आता इंजेक्शनं देऊ, गोळ्या हायेत, अजून बरंच करता येतंय. आनखी बी कायतरी म्हनले — व्हय, पोटभर जेवू घाला म्हनले, तुमाला ठावंच आसंल. पन मला सांगा, घरात घुसलेल्याला जेवू घालतं का कोन?

म्हनून आधी गूळ-साखर तोडली. मग भात — भातात बी साखरच आस्ती म्हनं, मोबाइलवर एक बाई सांगत हुती. दोन म्हयन्यांत अंगावरचं मांस उतरलं, मला वाटलं गाठ बी उतरली आसंल. मग ध्यानात आलं, चरबी बी खाती ती — दूध तोडलं, तेल तोडलं. भाकरी अर्धी, मग चतकोर. न्हाई, भांडले न्हाईत. माझी जाऊ, चिमाबाई, एक दिस पदराखाली वाटीभर भात घिऊन आली, तर म्या तो तिच्या देखत उकिरड्यावर टाकला. त्या दिशी रडले ते. त्रेसष्ट वर्सांचा गडी, भातासाठी. लेक परंदवडीला कंपनीत हाय, ओंकार — त्याला सांगितलं, बाबा बरे हायेत, सुट्टी काढून येऊ नगं.

मंगळवारी सकाळी बगते तर अंगनात गुडघ्यावर बसून — कोंबड्यांना टाकलेली कणी येचून खात हुते. मला बगून मूठ झाकली. म्या ती मूठ उघडली, ताई. एक एक बोट करून — जोरच न्हवता हातात. तवापासनं भायेरनं कडी लावते. आसं नगा बगू. मी काय दुश्मन हाय त्यांची? चाळीस वर्सं एका ताटात जेवलो आमी. मी बी कुटं खाती धड. कवा कवा वाटतं, साखर न्हाई, चरबी न्हाई, तरी ती जगती तर खाती काय — तो इचार मी फुडं जाऊ देत न्हाई.

पन आता गुण येतोय. कालपत्तोर आतनं हाक मारायचे — रतन, घासभर दे, एकच घास. काल दुपारपासनं मागितलं न्हाई. एकदा बी न्हाई. पानी ठिवलं हुतं, ते बी तसंच. म्हंजी भूक त्यांची न्हवतीच, त्या गाठीची हुती — आन् ती दमली. व्हय की न्हाई?

उटलात कशाला? आत कशाला? निजलेत ते. तुमची यष्टी चुकंल, मग संध्याकाळपत्तोर दुसरी न्हाई — निघा तुमी. ताई, कडीला हात लावू नगा. सरा. सरा म्हनते न्हवं, मीच काढते.

आवो. दवाखान्यातनं ताई आल्यात.

आवो.