आजारी पडायला बदली लागते

“माह्या मायले हा ताप कोनं देला?”

मंगलाताई, परवा आजींची कपड्यांची पिशवी घेऊन जाताना फाटकाशी थांबून तुम्ही मला हे विचारलं. वर म्हणालात, “तू तं शिकेल पोरगी हायेस. तुले मालूम असन.” तेव्हा मी पिशवीची गाठच आवळत बसले. आज सगळ्यांसमोर सांगते, ताई. मला उत्तर माहीत नाही.

नमस्कार. गंगूआजींच्या शोकसभेला जमलेली त्यांच्या घरची माणसं, आश्रमातले आजी-आजोबा, त्यांचं सगळं करणाऱ्या आमच्या मावश्या, आश्रमाचे अध्यक्ष काका, गावातून आलेले सगळे. बोलायला उभी राहिले खरी, पण भाषणाची सवय नाही. मध्येच थांबले तर समजून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मी सुषमा. या वृद्धाश्रमात ड्युट्या लावते, औषधं आणते, पाहुणे आले की चहाही ठेवते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. इथे आले त्या पहिल्याच दिवशी गंगूआजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“डिगरी कायची वं?”

“समाजकार्याची, आजी.”

“म्हंजे काय करतं?”

“लोकांची सेवा.”

“त्याले डिगरी लागते काय?”

सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

आजी डोणगावच्या. लग्नाकार्यातला स्वयंपाक हे त्यांचं काम. आजूबाजूच्या किती गावांमध्ये त्यांच्या हातचं वरण-भात-वांग्याची भाजी खाऊन वऱ्हाड परतलं असेल, देवालाच माहीत. अशा बाईला आमच्या भटारखान्यातलं जेवण! रोज पहिल्या घासाला विचारायच्या, “हे वरन हाये का हात धुतलेलं पानी?” लकव्याने उजवी बाजू गेली होती. त्याचंही त्यांना काही नाही. म्हणायच्या, “आंग गेलं, तोंड रायलं. देवानं कामाचं तेवढं ठेवलं.”

त्यांचं तोंड बंद झालेलं मी शेवटच्या दोन दिवसांत पाहिलं. त्याआधी कधीच नाही.

थंडी सुरू झाली तसा आश्रमात खोकला शिरला. आधी तीन मावश्यांना, मग खोल्यांमधून. आजींना ताप भरला, दम लागला. आधी तालुक्याला नेलं, मग बुलढाण्याला. तपासणीत फ्लू निघाला, तो छातीत उतरला होता. बाकी सगळे बरे झाले. आजी झाल्या नाहीत.

त्यानंतर काका मला म्हणाले, “सुषमा, सभेत दोन शब्द बोल. वयोमानानं गेल्या म्हण अन् बस.” मी म्हटलं, काका, घरचे विचारत आहेत. तेव्हा म्हणाले, “मग एक नाव सांग. खोकत कोण होती? तिला काढून टाकू. घरच्यांचं समाधान होईल.” काका, रागावू नका. आश्रम बदनाम होऊ नये, चालू राहावा, म्हणूनच तुम्ही बोललात. मला ते कळतं. पण माझ्यापुढे दोनच दारं ठेवलीत. वय म्हणू की नाव सांगू? वय म्हटलं तर मी मंगलाताईंशी खोटं बोलते. नाव सांगितलं तर एका बाईची रोजीरोटी जाते, आणि तेही खोटंच असू शकतं.

इकडे मावश्या मला स्वयंपाकघरात गाठायच्या. “म्याडम, आमचं नाव निंगन काय?” भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

आणि शकिला मावशी. आजींना रोज भरवणाऱ्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “माह्यंच नाव सांगून टाका. मीच भरवत होती त्यायले. फुकून फुकून भरवलं मीनं.”

हे मी इथे त्यांना विचारून बोलते आहे. “सांगा,” म्हणाल्या, “कितीक दिवस लपवू?”

आजींना गरम पेज लागायची आणि गरम सोसायची नाही. चमचा तोंडापाशी आला की ओरडायच्या, “शकिला, जीभ भाजतं काय वं? फूक नं!” शकिला मावशी फुंकर घालायच्या, मग चमचा ओठाला लावायच्या. मास्क होते. नव्हते असं नाही. पण आजींना ऐकू कमी यायचं, ओठ बघितल्याशिवाय बोलणं कळायचं नाही. चालत्या हातानं त्याच मास्क ओढून खाली करायच्या. “थोबाड दाखव आधी. चोरावानी काय भरवतं!”

तुम्ही सांगा, फुंकर न घालता घास कोण भरवतं? इथे बसलेल्या कोणत्या आईनं लेकराला तसं भरवलं आहे? ताप त्या फुंकरीतून गेला असेल. बाजारातून आला असेल. वाढदिवसाला मिठाई वाटायला आलेल्या एखाद्या पाहुण्याकडून आला असेल. मंगलाताई, मी शपथेवर सांगते, मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही, त्यासाठी मी कुणाचं नाव देणार नाही.

मला जे माहीत आहे, ते सांगते.

हिवाळ्याच्या आधी इथे फ्लूची लस येते. आजी-आजोबा घेतात. गंगूआजींनीही घेतली होती. पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, म्हाताऱ्या अंगात ही लस तितकी जोर धरत नाही. म्हणून त्यांना उचलणाऱ्या, धुणाऱ्या, भरवणाऱ्या माणसांनी ती घ्यायलाच हवी. मी तक्ता केला, रंगीत खडूंनी. सगळ्या मावश्यांना बसवलं, समजावलं. शेवटी म्हटलं, काही शंका असेल तर विचारा.

शकिला मावशींनी विचारलं, “सुई घेतल्यावर ताप येते का?”

मी म्हटलं, “एखादीला येतो. अंग दुखतं. एखाद दिवस. तो काही फ्लू नसतो.”

“मंग त्या दिवशी बदली कोन देईन?”

पाहुण्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. इथल्या मावशीला सुट्टी हवी असेल, मग घरी लग्न असो की अंगात ताप असो, तर आपल्या जागी दुसरी बाई तिनंच शोधून आणायची. त्या बाईला म्हणायचं बदली. बदली मिळाली नाही तर यायचं. नाही आलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचा पगार कापला. शकिला मावशींनी एकदा लस घेतली होती. रात्रीतून कणकण आली. सकाळी मोहल्ल्यात चार दारं ठोठावली. कुणी तयार होईना. मग तशाच आल्या, आणि आजींना आंघोळीला उचललं. आजी त्यांना म्हणाल्या होत्या, “आज मले उचलू नको, तूच झोप माह्या खाटेवर.” त्यानंतर शकिला मावशींनी सुई घेतली नाही. त्यांचं बघून बाकीच्यांनीही घेतली नाही.

आणि बघा, सुईच्या तापाला बदली लागते, तशी खोकल्यालाही लागते. म्हणून खोकला आला तरी त्या येतच राहिल्या. सुट्टी मागून उपयोग नव्हता. मीच सांगितलं असतं, बदली द्या. कारण नियम तोच आहे, आणि ड्युटी मी लावते.

काकांना मी विचारलं होतं, आश्रमानंच बदलीची एक बाई ठेवली तर? काका म्हणाले, “जिलबीला देणगी मिळते, बाई. घोंगड्यांना मिळते. बदलीच्या पगाराला कोण पावती फाडतं?” खरं आहे ते. आजही येताना तुमच्यातल्या कुणी केळी आणली आहेत, कुणी चादरी. तुमचे आभार मानते. चादरी खूप झाल्या आहेत.

सगळ्यांनी लस घेतली असती तर आजी वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे, आणि ते मला सिद्ध करता येणार नाही. आजी कदाचित गेल्याच असत्या. पण त्यांच्या उशाशी बसलेल्या बाईला खोकला असताना घरी जाता आलं असतं. एवढंच. एवढंसुद्धा आमच्याकडे नव्हतं.

मी इथे सेवा करायला आले होते. आता कळतं की मी रोज सकाळी एका बाईला अशा जागी उभं करते, जिथून तिला हलता येत नाही. आणि मलाही येत नाही. नोकरी सोडावी असं मनात येतं. सोडली तर उद्याची ड्युटी दुसरं कुणी लावेल, याच नियमानं, याच बायांची. संध्याकाळी फाटक बाहेरून ओढून मी घरी जाते. आई ताट वाढते, विचारते, “काऊन जेवत नाई वं?” मी काय सांगू? मी जेवायला घरी पोचलेलीच नसते. आतच असते.

काल नर्सताई राहिलेल्यांसाठी पुन्हा लस घेऊन आल्या. मावश्या दारातच थबकल्या. मी म्हटलं, ताप आला तर घरी राहा. “अन् बदली?” मी म्हटलं, नको. खाडाही लागणार नाही. शकिला मावशींनी पहिला दंड पुढे केला. “टोच बाई. लय बोल्लो आपण.” मग एकेक करून सगळ्यांनी घेतली.

काका, तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, सभा होऊ दे, मग बघू. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला. मी ऐकून घेईन.

गंगूआजी, तुम्हाला माझा नमस्कार. आता आपण सगळे उभे राहू या, आणि आजींसाठी थोडा वेळ शांत राहू या. मंगलाताई, मला मात्र तुमच्यासोबत इथे उभं राहता येणार नाही. आतल्या खाटांवरची जेवणं खोळंबली आहेत. आज सकाळी शकिला मावशी कालच्या सुईच्या तापानं फणफणलेल्या अंगानं ड्युटीवर आल्या होत्या. मी त्यांना फाटकातूनच परत घरी पाठवलं आहे. त्यांची बदली मी आहे.