रूथबाईंच्या वाट्याचा चौथा उद्गार

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. भ्यालेल्या माणसाचा देवावर विश्वास असतो का? अशा माणसानं उपासनेला यावं, की आधी घरी बसून धीर गोळा करावा आणि मग यावं? नुसत्या माना हलवू नका, मला इथून, व्यासपीठावरून, सगळं दिसतं! ऐका.

एका गावात रूथबाई त्रिभुवन म्हणून होत्या. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की पंधरा मिनिटं खाली बसायच्या नाहीत — चर्चचे पाळकसाहेब एक डोळा किलकिला करून घड्याळ बघायचे. कुणाच्या घरी दुखणं आलं की बाई हजर. "रडायचं नाही हं. रडणं म्हणजे अविश्वास."

आणि एके दिवशी अंघोळ करताना त्यांच्याच छातीत गाठ लागली हाताला.

सोमवारी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट शनिवारी. मधले दिवस कसे काढायचे, सांगा! पोळी लाटता लाटता हात छातीकडे. शेजारणीशी बोलता बोलता लक्ष भलतीकडे. नवरा शांतवन, साधा माणूस, तो म्हणाला, "रूथ, चर्चच्या मंडळीत सांगू या. सगळे मिळून प्रार्थना करतील."

"खबरदार! मी गावाला धीर देत फिरले. आता मीच भ्याले म्हणून सांगू? लोक म्हणतील, बाईचा विश्वास एवढाच होता."

लग्नाला छत्तीस वर्षं झालेला माणूस तो. उठून चहा टाकायला गेला बिचारा.

बरं, लोकांपुढं सोडा — देवापुढंही बाईंचं तेच! "प्रभो, तुझी इच्छा पूर्ण होवो, मी समाधानी आहे." ओठ समाधानी, आणि हात पुन्हा छातीकडे.

आता त्या मंडळीची रीत अशी, की उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, आणि मंडळीतल्या सात जणांनी एकेकावर मनन सांगायचं. कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. रूथबाईंना चौथा आला — ज्यात प्रभू आपल्या पित्यालाच विचारतो, मला का सोडलंस. बाईंनी चार पानं लिहून काढली. ठसठशीत अक्षर, समास सोडलेला.

शुक्रवार उजाडला. पांढरी साडी, उपाशी पोट, बाहेर एप्रिलचं ऊन. प्रभूचं देऊळ गच्च भरलेलं. पहिला उद्गार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला — बाईंच्या कानात काही शिरेना. उद्या रिपोर्ट. उद्या. उद्या.

नाव पुकारलं. बाई उठल्या, चष्मा लावला, उद्गार वाचला — आणि तिथंच थांबल्या.

पाळकसाहेबांना वाटलं, पान चुकलं. हळूच म्हणाले, "बाई, पुढं वाचा."

रूथबाईंनी कागदांची घडी घातली. "पुढचं वाचवत नाही, साहेब. पुढचं मी शहाण्या बाईसारखं लिहिलंय. उद्या माझ्या गाठीचा रिपोर्ट आहे, आणि मी फार घाबरलेय. आठवडाभर देवाशी गोड गोड बोलतेय. मनात मात्र एकच आहे — मला का टाकलंस? ते म्हणायची मला लाज वाटत होती. आणि प्रभूनं तर ते माझ्याआधीच म्हणून ठेवलंय."

एवढं बोलून त्या तिथंच, वधस्तंभापुढं सतरंजीवर बसल्या.

पंखा तेवढा करकरत होता. पाळकसाहेब जाणते — त्यांनी पाचवा उद्गार पुकारलाच नाही, तेही खाली बसले. सगळी मंडळी डोळे मिटून गप्प. रूथबाईंना आधी स्वतःच्या काळजाची धडधड ऐकू आली, मग श्वास. भीती गेली? छे, होती तिथंच. पण आता बाई तिच्याबरोबर एकट्या नव्हत्या. जो स्वतः वधस्तंभावर ओरडला, त्याच्यापासून काय लपवायचं? इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले. आणि मंडळी, त्यांना आनंद झाला. खरा आनंद! डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि बाई मनातल्या मनात गातायत —

थरथरते हे मन माझे, प्रभो, तुझ्या पायी ठेविले,
धीर मज नव्हता तरीही दार तुझे ठोठाविले.

रिपोर्ट काय आला, हेच विचारायचंय ना तुम्हाला? गाठ वाईट निघाली.

पडले ना चेहरे! तुम्हाला वाटलं, बाई खरं बोलल्या, आता देव बक्षीस म्हणून गाठ विरघळवणार. नाही हो. शस्त्रक्रिया झाली, केस गेले. भीती रोज सकाळी यायची, आणि बाई रोज सकाळी थोडा वेळ गप्प बसून तिला प्रभूपुढं घेऊन जायच्या. तिथं त्यांना शांती मिळायची, त्या दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

आता तुमचं बोलू. इस्त्रीचे कपडे घालून बसलाय सगळे. दारात मी एकेकाला विचारलं, कसं काय? "प्रभूची कृपा, झकास चाललंय!" आणि आत कुणाचा मुलगा वर्षभर घरी बोलत नाही, कुणाची डॉक्टरांची चिठ्ठी अजून खिशातच आहे. तुम्ही देवाची समजूत घालायला आलात का इथं?

पेटीवाले, जरा थांबा. डोळे मिटा सगळ्यांनी. आज देवाला चांगलं काही सांगू नका, खरं काय ते सांगा. मीही सांगतो. मलाही सांगायचंय.