पुलाच्या खांबावरची लाल रेघ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, पूरनियंत्रण कक्षातले माझे सोबती आणि वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं, की निरोप दुसऱ्याच कुणाचा असावा असं मला वाटलं. तेहतीस वर्षं मी पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी वाचली. पाणी लाल रेघेला लागलं की भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम. पाणी परिपत्रक वाचत नाही, हे कळायला मात्र मला तेवढीच वर्षं लागली.

आपल्या खात्याने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. पाहणी झाली, नकाशे झाले, नदीकाठची भिंत मंजूर झाली. आणि आपली रीत तुम्ही जाणताच. काम मंजूर झालं की पुढचे सगळे कागद ते झालं असं धरूनच चालतात. भिंत आली म्हणजे पाणी उशिरा शिरणार, म्हणून रेघ अडीच फूट वर घ्यायचा आदेश निघाला. भिंतीचं घोडं कुठे पेंड खात बसलं कोण जाणे. रेघ मात्र त्याच आठवड्यात वर गेली. शिडी मी धरली होती, साहेब. तपासणीच्या कागदावर सहीही माझीच आहे.

माझी थोरली बहीण खालच्या वस्तीत राहायची, गुडघ्यांनी बेजार झालेली. भोंगा वाजेपर्यंत उगाच धावपळ करू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. गेल्या वर्षी, त्या दुपारी, शेजारीण तिला न्यायला आली. ताई म्हणाली, "माझा भाऊ आहे ना तिथे. तो वाजवेल."

पाणी जुन्या रेघेवरून गेलं, तेव्हा मी वरती फोन लावला. नव्या रेघेला लागू द्या, उगाच घबराट नको, असं उत्तर आलं. मी बटणावरचा हात काढला आणि नोंदवहीत आकडा लिहिला. माझ्या अक्षराचं मघाशी इथे कौतुकही झालं. भोंगा वाजला, तेव्हा तिच्या घरात छताला पाणी टेकलं होतं.

चौकशी झाली. इशारा नियमाप्रमाणे दिला गेला, असं अहवालात आहे. ते खरंच आहे. मग मी कुणाला दोष देऊ?

रेघ खाली घ्या म्हणून चार अर्ज केले. भिंत प्रस्तावित असल्याने गरज नाही, असं कळवण्यात आलं. काल माझ्या जागी येणाऱ्या बाईंना मी पुलावर नेलं, वरचा रंग नखाने खरवडून जुनी रेघ दाखवली. त्यांनी नम्रपणे विचारलं, "पण सर, मी वाजवायचं ते नव्या रेघेलाच ना?"

तिसऱ्या रांगेत माझे दाजी बसलेत. भोंगा उशिरा वाजला, एवढंच त्यांना आजवर ठाऊक होतं. त्या फोनचं आणि त्या बटणाचं मी वर्षभर सांगू शकलो नाही. घरी त्यांच्यासमोर बसून तोंड उघडत नव्हतं, म्हणून आज या माईकचा आधार घेतला.

अध्यक्ष महोदय, आपण सर्वांनी केलेल्या सन्मानाबद्दल मी आभारी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. दाजी, तुमच्याकडे मात्र मी माफी मागत नाही. ती मागायचं तोंड मला नाही.