लेन्सची पिशवी

आफ्रिकेच्या सफारीआधी पीतज्वराची लस घ्यायला आलेलं जोडपं दवाखान्यातल्या बाकावर बसलं होतं. समोर सुया मांडणाऱ्या सिस्टरचे हात ट्रेमध्ये होते, कान मात्र बाकाकडे.

"जीपमध्ये लेन्सची पिशवी मांडीवरच ठेव हं."

"मागच्या जंगलात तेच तर केलं! बिबट्या आला तेव्हा मी तुमची लेन्स पुसत बसले होते."

"म्हणून तर फोटो इतका झकास आला!"

"अहो, फोटो बघितला मी. बिबट्या कुठे बघितला?"

"आता सिंह बघ की! बरं, दोघांचे फॉर्म भरलेस ना?"

"भरला."

सिस्टरने हाक मारली, "फॉर्म एकच दिसतोय. लस कोणाला?"

"मला. हे पिशवी सांभाळायला आलेत."