आठ नसलेली आगगाडी

माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, पालक आणि मागच्या बाकांवर कुजबुजणाऱ्या माझ्या लाडक्या मुलांनो, सर्वांना नमस्कार.

आजचे सत्कारमूर्ती आपले गणिताचे सर आणि माझे सख्खे थोरले भाऊ. म्हणजे मी स्तुती केली तर घरचं कौतुक, आणि नाही केली तर घरात अबोला!

सरांच्या आगगाडीत न बसलेलं या सभागृहात कोण आहे? नव्या वर्गात पाऊल ठेवलं की दादा फळ्यावर लिहायचा, १२३४५६७९. मग एकेकाला विचारायचा, "तुझा आवडता अंक कोणता?" कुणी सात म्हटलं की, "सात नवे त्रेसष्ट. जा, त्रेसष्टने गुण." पोर घाम गाळून गुणायचं, आणि उत्तरात ओळीने नऊ सात उभे! "पण सर, या संख्येत आठ कुठंय?" "तो डबा मागे राहिला, म्हणून तर गाडी सरळ धावते. आठ जोडून बघ, मध्येच शून्य घुसतं."

मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवते. मधली भिंत लाकडी, सगळं ऐकू येतं. गेल्या महिन्यात दादाने सहावीला हीच गंमत पुन्हा दाखवायला घेतली. त्यांना ती पाठ होती, तरी सगळ्यांनी वह्या उघडल्या. पण या वेळी त्याने आठ लिहिला होता. कुणी आवडता अंक एक सांगितला, मुलांनी नऊने गुणलं, ओळीत शून्य आलं.

"काय आलं?" दादाने विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अख्खा वर्ग एका सुरात, "सगळे एक, सर!"

दादाने स्वतः गुणून पाहिलं. खडू शून्यापाशी थांबला. "चूक माझी आहे," तो म्हणाला, "पण माझ्यासाठी खोटं उत्तर देऊ नका रे." त्याच संध्याकाळी त्याने राजीनामा लिहिला. आजाराचं नाव डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मुलांनो, तुम्ही खोटं बोललात आणि मला तुमचा अभिमान वाटतो. वाटायला नको, पण वाटतो.

दादा, हे सांगायची परवानगी तूच दिली होतीस. आठवत नसेल तर राहू दे.

आज निघताना मी त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होते. माझ्याकडे निरखून बघत त्याने विचारलं, "बाळ, तुझा आवडता अंक कोणता?" याच माणसाने माझी बोटं धरून मला मोजायला शिकवलं होतं.

मी म्हटलं, "आठ, सर."

तो खुलला. "आठ नवे बहात्तर. जा, गुण. मागे राहिलेलाही येतो."

मी गुणलं, अध्यक्षमहाशय. नऊच्या नऊ आठ आले.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि वाटेत सरांनी कधी तुमचा आवडता अंक विचारलाच, तर पहिल्यांदाच विचारल्यासारखा सांगा. गुणाकार मात्र खरा करा.